पाखऱ्याचा खुराक

आमच्या घरात दिवस सुरू व्हायचा तो नोझलच्या आवाजाने. डिझेल इंजिनात तेलाचा फवारा मारणारी ती बोटभर लांबीची तोटी. आप्पा ती हातपंपाला लावायचे, दांडा दाबायचे आणि मान कलती करून ऐकायचे. नोझल चांगलं असलं तर बारीक कुरकुरतं आणि समोर धुक्यासारखा फवारा उठतो. बिघडलेलं असलं तर मुकाट्याने थेंब गाळत बसतं. वर्कशॉप आणि स्वयंपाकघर यांच्यात एकच भिंत होती आणि त्या भिंतीला खिडकी होती, त्यामुळे आई भाकरी थापता थापता ऐकायची आणि मला सांगायची, "आजचं दुसरं बाद निघालं. आता चहात साखर कमी आहे म्हणणार." थोड्या वेळाने आप्पा आत यायचे, चहाचा घोट घ्यायचे आणि साखर कमी आहे म्हणायचे. आईने आयुष्यात एकही नोझल हातात धरलं नाही, पण चहाबद्दलचा तिचा अंदाज कधी चुकला नाही.

लोणावळ्याला येणाऱ्या लोकांना इथल्या हवेचं फार कौतुक असतं. गाडीतून उतरतात, कमरेवर हात ठेवतात, छाती भरून श्वास घेतात आणि मग भजी शोधायला लागतात. जुन्या हायवेवरच्या आमच्या घरासमोर कुणी असा श्वास घेतला की लगेच खोकायचा. आमची हवा डिझेलची होती. इंद्रायणी तांदूळ शिजायला लागला की त्याचा वास आळीभर जातो म्हणतात. आमच्याकडे तो खिडकीपर्यंत यायचा आणि तिथे हात टेकायचा. शाळेत माझ्या शेजारी बसणारी मुलगी डब्यातली मासवडी आवडीने खायची, पण म्हणायची, तुमच्या मसाल्यात काहीतरी वेगळं असतं. ते वेगळं काय असतं हे मी तिला कधी सांगितलं नाही.

आप्पा पंपवाले म्हणून प्रसिद्ध होते. ट्रकच्या इंजिनाला डिझेल मोजून पुरवणारा जो पंप असतो, तो खोलायचा, साफ करायचा आणि प्रत्येक नोझलला सारखंच तेल जाईल असा लावायचा, हे त्यांचं काम. आप्पांनी पंप लावलेला ट्रक खंडाळ्याचा घाट चढताना काळा धूर सोडत नाही, अशी त्यांची ख्याती होती, आणि ती पसरवण्याचं काम मुख्यतः आप्पाच करायचे. रविवारी लोक दरी बघायला खंडाळ्याला जात. आप्पा आम्हाला सायलेन्सर बघायला नेत. दरीकडे पाठ करून आम्ही कठड्यावर बसायचो, शेंगा खायचो, आणि एखादा ट्रक काळा लोट सोडत वर आला की आप्पा मान फिरवायचे. कुणीतरी पंगतीत ढेकर दिल्यावर माणूस फिरवतो तशी.

पंप लावून झाला की आप्पा त्याच्या स्क्रूमधून बारीक तार ओवायचे, तारेच्या टोकांना शिशाची गोळी लावायचे आणि एका खास पकडीने ती दाबायचे. गोळीवर 'आ' उमटायचा. ते सील. यापुढे त्या स्क्रूला हात लावायचा नाही, ना मालकाने, ना ड्रायव्हरने, ना पुण्याच्या कुठल्या शहाण्याने. दुकानात पाटीच होती: 'सील तुटलेल्या गाडीला हात लावला जाणार नाही.' पाटीवरचा रंग उडाला होता, नियमाचा उडाला नव्हता. एकदा सख्ख्या चुलत्यांनी टेम्पो आणला. सील तुटलेलं होतं. आप्पांनी त्यांना जेवायला घातलं, मुक्कामाला ठेवून घेतलं, आणि सकाळी टेम्पो तसाच परत पाठवला.

मग नवे ट्रक आले. त्यांच्यात आप्पांच्या ओळखीचा पंपच नव्हता. वायरी होत्या, सेन्सर होते, आणि बिघडलं तर गाडी थेट कंपनीकडे जायची. सकाळची कुरकुर हळूहळू कमी झाली. चहात साखर कमी पडेनाशी झाली, आणि आईला त्याचीच काळजी वाटायला लागली. याच सुमारास मामाचं येणं वाढलं. मामा तळेगावचा, कचेरीत नोकरीला, आणि जगातल्या प्रत्येक जागेकडे इथे काय विकता येईल अशा नजरेने बघणारा. तो आमच्या दारात उभा राहायचा, रस्त्यावरच्या गाड्या बघायचा आणि म्हणायचा, "दाजी, ही जागा चिक्कीची आहे." जणू जागेने जन्मापासून चिक्की व्हायचं ठरवलं होतं आणि आम्हीच मध्ये पंप घेऊन बसलो होतो.

मी तेव्हा डिप्लोमा करून चिंचवडच्या एका गॅरेजात काम शिकत होते. तिथे टर्बोच्या गाड्या यायच्या. टर्बो म्हणजे सायलेन्सरकडे निघालेल्या धुराच्या जोरावर फिरणारा एक छोटा पंखा. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. हवा जास्त, तर पेट्रोलही जास्त लागतं, आणि ते कुठल्या क्षणी किती द्यायचं हे गाडीतला कॉम्प्युटर ठरवतो. त्या कॉम्प्युटरचं मन लॅपटॉपवरून वळवायचं, हे मी शिकले होते. मला ते काम घरी, आप्पांच्या दुकानात करायचं होतं. आईला मी बँकेच्या परीक्षा द्याव्यात असं वाटत होतं. आप्पांना काय वाटत होतं ते कळत नव्हतं, कारण माझा लॅपटॉप दिसला की ते त्याच्यावर फडकं टाकायचे. धूळ बसंल म्हणायचे.

अशात एके दिवशी वराळ्याचे किसनभाऊ आले. किसनभाऊ म्हणजे मावळातले नावाजलेले गाडामालक. बैलगाड्यांच्या शर्यतीत त्यांचा पाखऱ्या नावाचा बैल घाटाचा, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीचा, राजा ठरलेला. पण त्या वर्षांत शर्यतींवर बंदी होती. पाखऱ्या गोठ्यात बसून दूध पीत होता, खारका खात होता, आणि किसनभाऊंच्या अंगातली रग कुठे जावी कळत नव्हतं. त्यांच्या शेताला लागून इमारती उठल्या होत्या, एका तुकड्यावर त्यांचीही उठली, आणि त्यातून त्यांनी एक पांढरी, परदेशी बनावटीची टर्बो गाडी घेतली. जुनीच, पण जोरदार. पन्नाशी उलटलेला, पांढरा सदरा-पायजमा आणि टोपीतला माणूस त्या गाडीतून उतरला तेव्हा मला वाटलं ड्रायव्हर मागून येत असेल. गाडीच्या मागच्या काचेवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: पाखऱ्या.

"आप्पा, ह्याला चढावर धाप लागतीया," किसनभाऊ म्हणाले. "सपाटीला वाघ हाय. पर चढ आला, पाय दाबला, की मदीच हुंदके देतंय."

"पेट्रोलची हाय," आप्पा म्हणाले. आई ज्या सुरात 'बाहेरचं खाऊन आलीस' म्हणायची, त्या सुरात.

"व्हय, पर पोटाचंच दुखनं हाय न्हवं? पुन्याला एकानं हवा वाढवून दिली. हवा वाढवली, पर खुराक हाय तेवढाच. कसं पळंल जनावर?"

मी भाकरी टाकून बाहेर आले. कारण निदान बरोबर होतं. टर्बोची हवा वाढवलेली, पण टाकीतला पेट्रोल पंप आणि इंजिनात फवारा मारणारे इंजेक्टर जुनेच. चढावर जोर लावला की पेट्रोल पुरत नव्हतं आणि इंजिन जीव वाचवायला आखडतं घेत होतं. मोठा पंप, मोठे इंजेक्टर, पेट्रोलचं प्रेशर हाताने लावता येईल असा रेग्युलेटर, आणि मग लॅपटॉपवर सगळा हिशेब नव्याने, असं मी एका दमात सांगितलं. किसनभाऊंनी आप्पांकडे बघितलं. आप्पांनी छताकडे बघितलं.

दसऱ्यानंतरच्या रविवारी लोणावळ्यामागच्या डोंगरावर, एका बंगलेवाल्याच्या खासगी रस्त्यावर, गाड्यांची चढणीची स्पर्धा होती. किसनभाऊंना तिथे उतरायचं होतं. बैलाला बंदी, गाडीला परवानगी, हा न्याय त्यांना मान्य नव्हता, पण रिकामं बसण्यापेक्षा बरा होता. त्या रात्री जेवताना आप्पा ताटातल्या आमटीकडे बघत म्हणाले, "ही गाडी नीट चढली तर दुकान ऱ्हाईल, आन् ते तू चालवशील. न्हाई चढली, तर दिवाळीच्या पाडव्याला मामाची चिक्की." एवढं बोलून त्यांनी भात मागितला. त्या दुकानाखेरीज मला दुसरं काही नको होतं, आणि हे मी तोवर कुणापाशी बोलले नव्हते.

काम सुरू झालं आणि गंमत अशी की आप्पांचा राग पहिल्याच दिवशी पातळ झाला. नवे इंजेक्टर आले. ते चारही सारखंच पेट्रोल सोडतात का, हे काचेच्या नळ्यांत फवारे मारून बघायचं होतं. हे तर त्यांचंच काम. त्यांनी दिवसभर दुसरं काही केलं नाही. "आवाज न्हाई करत," एवढी एकच तक्रार. कुरकुरत नाही ते नोझल कसलं, असं त्यांचं म्हणणं. पण फवारा बघून मात्र ते गप्प झाले, आणि गप्प होणं ही त्यांची सर्वांत वरची शाबासकी होती. आई खिडकीतून म्हणाली, "आज काही ऐकूच येत नाही. साखर किती घालू?"

पंप बसला, रेग्युलेटर बसला, आणि पुढचे पंधरा दिवस मी आणि किसनभाऊ पहाटे कामशेतच्या बाजूचे मोकळे चढ पालथे घालायला लागलो. ते चालवायचे, मी शेजारी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसायची आणि समोर चिकटवलेल्या मीटरवर हवा-पेट्रोलचं मिश्रण बघायची. पाखऱ्याचा खुराक ठरवणारी पोरगी वाळकी नको, म्हणून किसनभाऊ रोज बैलाच्या रतिबातलं दूध आणि खारका माझ्यासाठी आणायचे. त्या पंधरवड्यात पाखऱ्या सुधारला आणि माझे पंजाबी ड्रेस घट्ट झाले. गाडी आता चढावर हुंदके देत नव्हती. पाय दाबला की पाठ सीटला चिकटायची आणि किसनभाऊ, शर्यतीत गाड्याच्या मागे ओरडतात तसं, तोंडातल्या तोंडात भिर्रर्र म्हणायचे.

फक्त एक होतं. पूर्ण जोरावर असताना पाखऱ्या मागून काळा भपका सोडायचा. मी ते मुद्दाम तसं ठेवलं होतं. टर्बोच्या पेट्रोल गाडीत जोर वाढला की आतली उष्णता भयंकर वाढते, आणि गरजेपेक्षा थोडं जास्त पेट्रोल दिलं की त्याची वाफ होताना इंजिन थंड राहतं. डिझेलचं बरोबर उलटं. तिथे जास्तीचं तेल म्हणजे जास्तीची आग आणि काळा धूर म्हणजे इंजिनाची चिता. हे मी आप्पांना एकदा सांगितलं होतं. त्यांनी ऐकलं होतं, म्हणजे मी बोलत असताना ते तिथे होते. पण पाखऱ्या परत आला की ते मागे जायचे, सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवायचे, काळं झालेलं बोट फडक्याला पुसायचे, आणि आत जाऊन जेवायचे नाहीत. आख्ख्या घाटाला माहीत होतं की आप्पांच्या दारातून धूर सोडणारी गाडी निघत नाही. आणि त्यांच्या पोरीची पहिलीच गाडी धूर सोडत होती.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असे. सगळे पाने, पकडी, हातपंप धुवून पाटावर मांडायचे, हळदकुंकू, झेंडूची फुलं, आणि दुसऱ्या दिवशी दसरा होईपर्यंत एकाही हत्याराला हात लावायचा नाही. एकदा त्या दिवशी नळ गळायला लागला तर आप्पांनी खाली बादली ठेवली होती. त्या वर्षी किसनभाऊंनी गाडीही पूजेसाठी दुकानातच ठेवली. मला मात्र तळेगावला मामेबहिणीच्या साखरपुड्याला जावं लागलं. घोरावाडी स्टेशनला उतरून मामाकडे गेले, दोन दिवस चिक्कीचे फायदे ऐकले, आणि दसऱ्याच्या संध्याकाळी परत आले तोवर किसनभाऊ पाखऱ्याला हार घालून वराळ्याला घेऊन गेले होते. आप्पा विलक्षण खुशीत होते. त्यांनी मला स्वतःच्या हाताने सोनं दिलं आणि म्हणाले, "आता बिनघोर झोप." मला वाटलं, चला, विरघळला माणूस.

रविवारी सकाळी किसनभाऊ आम्हाला न्यायला आले. आप्पा हत्यारांची पेटी घेऊन मागे बसले. बसण्याआधी माझं लक्ष सायलेन्सरकडे गेलं. आतून धुतल्यासारखा स्वच्छ. किसनभाऊंनी पुसला असेल असं वाटलं. डोंगराच्या रस्त्याला लागलो, एक चढ आला, किसनभाऊंनी पाय दाबला आणि मला इंजिनातून बारीक आवाज आला. तापलेल्या तव्यावर ज्वारीचे दाणे तडतडावेत तसा. मीटरवर काटा जिथे राहायला हवा होता त्याच्या बराच पलीकडे गेला होता. पेट्रोल कमी पडत होतं.

"भाऊ, पाय काढा."

"का गं? आज तर लय हलकं वाटतंय."

"पाय काढा आधी."

मागून आप्पा म्हणाले, "मागं बग. धूर हाय का? न्हाई ना?" आवाजात इतका आनंद होता की कधी एकदा बॉनेट उघडते असं मला झालं.

स्पर्धेच्या जागी पोहोचल्यावर मी बॉनेट उघडलं. रेग्युलेटरच्या स्क्रूमधून बारीक तार ओवलेली होती. तारेला शिशाची गोळी. गोळीवर 'आ'.

तिथे गर्दी होती. पुण्यामुंबईची पोरं रंगीत गाड्या आणि त्याहून रंगीत चष्मे घेऊन आलेली. वराळ्याहून किसनभाऊंची माणसं एक टेम्पो भरून, हलगीसकट. मामाही आला होता, हातात चिक्कीचे डबे घेऊन. वाटता वाटता लोकांना विचारत होता, हायवेवर दुकान असलं तर थांबाल का. आणि त्या सगळ्यांच्या मध्ये आप्पा, इस्त्रीचा शर्ट घालून, पेटी हातात धरून.

"आप्पा, हे तुम्ही केलंत?"

"मग? दुसरं कोन करनार? जरासा स्क्रू मागं घेतला. गेला धूर."

"आप्पा, ही डिझेल नाही. हिला पेट्रोल कमी पडलं की ही तापते. आत्ता वर गेली तर पिस्टन वितळेल."

"ह्या हातानं घाटाचं ट्रक चढवलं," आप्पा हळू आवाजात म्हणाले. "एकाचाबी पिस्टन गेला न्हाई. का गेला न्हाई? तेल जास्त घातलं न्हाई म्हनून."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. ती सगळी फक्त दुसऱ्या इंजिनाबद्दल होती. आणि हे मी त्यांना तिथे, हलगीच्या आवाजात, चिक्की खाणाऱ्या माणसांसमोर कसं सांगणार होते? साधं चालवताना गाडीचा कॉम्प्युटर कमी पडलेलं पेट्रोल भरून काढतो, म्हणून दुकानात ती गोड चालली असणार. पूर्ण जोरावर तो भरून काढत नाही, म्हणून चढावर तडतडली. मी जे बोलणार होते ते सगळं खरं होतं आणि त्याने आप्पा सगळ्यांसमोर चूक ठरणार होते. आमच्या घरात हे आधी कधी घडलं नव्हतं. आप्पांचं नोझल चुकायचं, चहा चुकायचा, आप्पा चुकत नव्हते.

किसनभाऊ आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होते. शेवटी म्हणाले, "आप्पा, जनावर एक आन् वस्ताद दोन. मी कुनाचं ऐकू?"

भाऊंनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि पुन्हा टोपी घातली. मग म्हणाले, "पोरगी पंधरा दिस त्याच्याबरूबर हिंडलीया. तुमी मोठं हाय, पर तुमी त्याच्यात बसून एकदाबी चढ चढला न्हाई. आज तिचं ऐकू."

"आप्पा, पक्कड द्या," मी म्हणाले.

"कशाला?"

"सील तोडायचंय."

हलगीवाला नेमका तेव्हाच दम घ्यायला थांबला. आप्पांनी पेटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "माझ्या हातानं देनार न्हाई," ते म्हणाले. मग त्यांनी पेटी माझ्या पायाशी ठेवली, तिची कडी काढली, आणि पाठ फिरवून डोंगराकडे बघत उभे राहिले. घाटात काळा लोट दिसला की मान फिरवायचे, तसे. मी पक्कड घेतली आणि तार तोडली. शिशाची गोळी इंजिनात पडू नये म्हणून मी ती मुठीत धरली होती. प्रेशरचा काटा बघत स्क्रू पुन्हा होता तिथे आणला, आणि मी रडत होते, हे मला किसनभाऊंनी उपरण्याचं टोक पुढे केलं तेव्हा कळलं.

हेल्मेट टोपीवर बसेना. किसनभाऊंनी ते जबरदस्तीने बसवायचा बराच प्रयत्न केला, मग नाइलाजाने टोपी काढली आणि कुणाकडे द्यावी म्हणून बघितलं. सगळी भावकी हात पुढे करून उभी होती. त्यांनी टोपी आप्पांच्या हातात दिली. "सांभाळा," म्हणाले, आणि गेले.

पाखऱ्या सुटला. पहिल्या वळणाआड दिसेनासा झाला, मग नुसता आवाज, आवाज मोठा होतो की तुटतो याकडे माझा सगळा जीव. शेवटचं वळण खालून दिसायचं. तिथे पांढरी गाडी आली, एक क्षण दाबल्यासारखी झाली आणि वर उसळली, आणि तिच्या मागून घसघशीत, काळाकुट्ट भपका निघून निळ्या आकाशावर पसरला. वराळ्याची माणसं ओरडली. मामा मात्र चिक्की चावायचा थांबला.

"दाजी," तो म्हणाला, "धूर."

आसपासची दोनचार लोणावळेकर माणसं आप्पांकडे वळली. त्यांना आप्पांची ख्याती माहीत होती, आप्पांनीच सांगितलेली. आप्पा त्या धुराकडे बघत होते, दोन्ही हातांत ती टोपी धरून.

"त्याच्यावर माझं सील न्हाई," ते म्हणाले. "धूर पोरीचा हाय." आणि मग, मामाकडे न बघता, "चढली का न्हाई, ते बोल."

पाखऱ्याचा नंबर कुठेतरी मधलाच आला. पुढे पुण्यामुंबईची बरीच रंगीत पोरं होती. किसनभाऊंना त्याचं काही नव्हतं. बारी, म्हणजे धाव, स्वच्छ झाली, जनावर दमलं नाही, एवढ्यावर ते खूश होते, आणि त्यांनी बॉनेटवर एवढा गुलाल टाकला की मला नंतर हवेचा फिल्टर बदलावा लागला. रात्री घरी परतलो. जेवताना आईने भरली वांगी वाढली. आप्पांनी ताट सरकवलं. आई मला म्हणाली, पण त्यांना ऐकू जाईल अशी, "वांगी करपायला लागली की मी पाण्याचा हबका मारते. त्याने वाफ होते, खिडकी धुरकटते. म्हणून कुणी मला पाणी कमी घाल म्हणत नाही." आप्पांनी थोडा वेळ तिच्याकडे बघितलं आणि ताट पुढे ओढलं. माझ्या पंधरा मिनिटांच्या व्याख्यानाने जे झालं नव्हतं ते आईच्या वांग्यांनी केलं की भुकेने केलं, ते मी आजही सांगू शकत नाही.

ते झोपल्यावर आईने मला दुसरी गोष्ट सांगितली. खंडेनवमीच्या दुपारी, पूजा झाल्यावर, आप्पांनी पाटावरचा पाना उचलला होता. हळदकुंकू लावलेला, फुलाखालचा. आई म्हणाली, अहो, आज नाही. तर ते म्हणाले, पोरीच्या पहिल्या गाडीला लोकांनी नावं ठेवायला नकोत, देवाला मी सांगतो. मग फूल बाजूला ठेवलं, स्क्रू फिरवला, सील लावलं, पाना धुवून परत फुलाखाली ठेवला. नळ गळत असताना बादली ठेवणारा माणूस. माझ्यासाठी त्यांनी आयुष्यातला एकच नियम मोडला आणि तेवढ्याने माझं इंजिन जाता जाता राहिलं. मी त्या रात्री गोधडीत तोंड खुपसून हसले आणि रडले, कोणतं आधी ते आठवत नाही.

आज आप्पा नाहीत. किसनभाऊंच्या शर्यती पुन्हा सुरू झाल्या, आणि पाखऱ्याचं वासरू आता त्यांचं ऐकत नाही. पाडव्याला मामाने दुकानाचा पुढचा भाग तेवढा मागितला, आप्पांनी दिला. त्यामुळे आमच्याकडे पुढे चिक्की आहे आणि मागे मी. चिक्कीची गिऱ्हाइकं वासाची तक्रार करतात, माझी गिऱ्हाइकं पार्किंगची. हल्ली विजेवरच्या गाड्याही येतात, आवाज न करणाऱ्या, खुराक न लागणाऱ्या. त्या मी नुसत्या बघते. ती शिशाची गोळी माझ्याकडे आहे, चेपलेली, पण 'आ' वाचता येतो.

पण मला सांगायचं आहे ते त्या स्पर्धेनंतरच्या आठवड्याचं. किसनभाऊ पाखऱ्याला घेऊन आले. मोठं काही नव्हतं, एक पाइप सैल झाला होता. मी मागे होते. त्यांनी आप्पांनाच सांगितलं, जरा आवळून द्या. आप्पांनी बसल्या जागेवरून पाटीकडे बोट केलं. "सील तुटलेलं हाय. मी हात लावनार न्हाई. पोरीकडं न्या." मला तेव्हा ते फार लागलं. वाटलं, चुलत्यांचा टेम्पो गेला तशी मी गेले.

मग दुसऱ्याच दिवशी एक लाल गाडी आली, टर्बोचीच, पेट्रोलची, मुंबईची, आमचं दार त्या दिवशी पहिल्यांदाच बघणारी. आप्पा उठले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि मालकाला म्हणाले, "सील तुटलेलं हाय. पोरीकडं न्या." तो बिचारा विचारत राहिला, कसलं सील? त्यानंतर शेवटपर्यंत दारात आलेल्या प्रत्येक पेट्रोल गाडीला आप्पांनी हेच सांगितलं, आणि एकाही गाडीचं बॉनेट त्यांनी उघडून बघितलं नव्हतं.